मळीची जमीन

विक्रोळीच्या फाउंड्रीत खंडूचा साचा फुटला, असं अकरा वर्षांत तीनदा झालं. तिन्ही वेळा चूक त्याची होती आणि तिन्ही वेळा ती त्याने स्वतःहून सांगितली. वाळू किती ठोकायची याला माप नसतं. कमी ठोकली तर ओतलेल्या लोखंडाखाली साचा ढासळतो. जास्त ठोकली तर आतली वाफ अडकते आणि लोखंड उसळून अंगावर येतं. मधली जागा हातालाच कळावी लागते. खंडूच्या हाताला ती कळत होती. म्हणून बदलापूरच्या नव्या घराची जमीन आपण स्वतः करायची, गवंड्याला हात लावू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं, तेव्हा त्याच्या बायकोने, शकूने, हरकत घेतली नाही. तिची हरकत घरालाच होती.

तोवर दोघं घाटकोपरला खंडूच्या थोरल्या भावाच्या खोलीत राहत. दहा बाय बाराची खोली, माणसं आठ. लग्नाला चार वर्षं झाली तरी दोघांना एकमेकांशी धड बोलायचं तर नळावरच्या रांगेत बोलावं लागे. बदलापूरला स्टेशनपासून अर्ध्या तासावर, भातखाचरांच्या कडेला, दीड गुंठा जागा मिळत होती. विटांच्या चार भिंती आणि वर कौलं, एवढं फंडातून होत होतं. स्वतःचं दार होत होतं.

"गाव सोडून आलो ते कशापायी?" शकू म्हणाली. "हितं नळावर कुणी इचारत न्हाई, तुमी कोण म्हणून. तितं इचारतील."

"बदलापूर गाव नाही गं, ठेसन आहे. गाड्या जातात-येतात."

"गाडीतनं उतरल्यावर गावच की."

दोघंही नगरकडची. तिकडे तिच्या बापाने विहिरीपासून दहा पावलांवर हंडे ठेवून, कोणी वरून पाणी घालील म्हणून उन्हात वाट बघितलेली होती. ते तिने पाहिलं होतं.

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "जयंतीपतोर ऱ्हाते. जयंतीला घाटकोपरला यायचं. तितनं माघारी यायचं का न्हाई, ते तवा सांगंन."

जानेवारीत ती दोघं राहायला गेली. साल अडुसष्ट. चौदा एप्रिलच्या जयंतीला तीन महिने होते.

सातच्या पाळीसाठी खंडू चारला उठे. बांधावरून स्टेशनापर्यंत चालायला पंचवीस मिनिटं. गाडी चुकली तर पुढची तासाने, आणि कारखान्याच्या फाटकावर सातनंतर पाच मिनिटांनी हजेरीच्या टोकनांची पेटी बंद. त्याने गाडी तीन महिन्यांत एकदाही चुकवली नाही. घरी यायला साडेसहा-सात. म्हणजे दिवसाचे चौदा तास शकू एकटी. शेजारी एकच घर, शंभर पावलांवर, सोनूबाई नावाच्या आगरी विधवेचं. तिच्या दारात विहीर. संध्याकाळी खंडू येई तेव्हा हंडे भरलेले असत. शकू दार लावून आत बसलेली असे. विचारलं तर "बरं हाय" म्हणे. तीन महिने तो एवढं दोन शब्दांचं उत्तर घेऊन निजत होता.

तेव्हा त्याने सगळा जोर जमिनीवर लावला. आत नुसता मुरूम पडला होता. वर चटई टाकून झोपायचं. खंडूला वाटे, झकास जमीन झाली की शकूचं मन बसेल. आणि साधी शेणामातीची नको. ती आठ दिवसांनी सारवा, वर पोपडे, वर धूळ. त्याला अशी जमीन पाहिजे होती, की बोटाने ठोकली तर वाजली पाहिजे.

अशी वस्तू त्याला माहीत होती. लोखंडी नळाला आतून पोकळी ठेवायची तर साच्यात वाळूचा गोळा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. वाळूत साखर कारखान्यातली मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा चिकट पाक, मिसळायचा आणि तो गोळा भट्टीत भाजायचा. बाहेर येतो तो दगडासारखा. कोअर करणारा रोझारिओ हा भांडुपच्या गावठाणातला, खंडूचा डब्याचा सोबती.

"मळी? घराला?" रोझारिओ म्हणाला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना रे?"

"तुझा कोअर वाजतो की नाही?"

"वाजतो. पण माझ्या कोअरवर कोण झोपत नाही यार."

तरी त्याने साहेबाला विचारून तळाशी उरलेली मळी दोन डबे भरून दिली. खंडूने एकेक डबा फडक्यात बांधून घरी नेला. पुढचे चार रविवार त्याने दुसरं काही केलं नाही. मुरूम पाण्याने बसवला. नदीची बारीक वाळू चाळली, साठ पाट्या. माती, वाळू, मळी तुडवून एकजीव केली. तीन बोटं जाड थर दिला आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत हाताच्या ठोकणीने ठोकत आणला. मग पत्र्यावर निखारे घेऊन तो पत्रा वीत-वीत सरकवत सगळी जमीन भाजली. गुडघ्यांची सालं गेली. चौथ्या रविवारी सूर्य मावळताना त्याने बोटाच्या पेराने टक् केलं. जमीन वाजली.

"बघ," तो म्हणाला.

शकूने वाकून हात फिरवला. "गुळगुळीत झाली," ती म्हणाली. खंडूला तेवढ्याने आठवडाभर पुरलं.

बारा दिवस जमीन चांगली राहिली. मग दोन दिवस आभाळ आलं, हवा दमट झाली, आणि जमिनीला घाम सुटला. पाय उचलला की चप् आवाज यायचा. आंबूस वास सुटला. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. आधी एक रेघ, मग चार, मग कोपरे काळे झाले. शकूने हळद टाकली, राख टाकली. मुंग्या राखेला वळसा घालून आल्या. चटईत, लुगड्यात, पिठात मुंग्या.

फाउंड्रीत रोझारिओ हसून हसून बाकावर आडवा झाला. "अरे येड्या, माझा कोअर एका दिवसात लोखंडाखाली जातो! तुझा संसार वर्षानुवर्षं चालायचा! तू मुंग्यांना घर बांधलंस, स्वतः भाडेकरू राहिलास!"

खंडू हसला नाही. डबा न खाता बांधून ठेवला. रोझारिओचं हसू मग आपोआप थांबलं. "शकूवहिनी काय म्हणते?" त्याने विचारलं.

"काही म्हणत नाही. तेच तर अवघड आहे."

रविवारी उजाडताच खंडूने पहार घेतली आणि स्वतः केलेली जमीन स्वतः उखडायला बसला. ढेकळं दगडासारखी निघत होती. काम चोख झालं होतं, फक्त जागा चुकली होती. शकू पाटीत ढेकळं भरून बाहेर टाकत होती.

आठ-नवाच्या सुमाराला दारात सावली पडली. सोनूबाई होती. केस पिकलेले, कासोटा घट्ट, हात कमरेवर.

"कोन हाय रं घरान? तुमच्या मुंग्या माज्या तांदलान शिरल्यान!"

खंडू उठून उभा राहिला. "चूक माझी आहे, मावशी. जमिनीत मळी घातली."

सोनूबाईने एक ढेकूळ उचललं, नाकाशी नेलं, खंडूकडे पाहिलं, परत ढेकळाकडे पाहिलं. "जमिनीला गोडधोड कोन खायाला घालतंय रं? तिची पाचवी पुजलीस का काय?"

शकूने तोंडाला पदर लावला. खंडूला कळेना, रडते की हसते.

"हसतंस काय गो," सोनूबाई तिला म्हणाली, "नवी जमीन घालाची त पानी लागंल. पन्नास हंडे. कुठून आनशील?"

"ठेसनावरनं," शकू म्हणाली.

"ठेसनावरून? आनि रोजचा?"

"रोजचं बी ठेसनावरनंच."

खंडूच्या हातातली पहार खाली टेकली. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. डोईवर हंडा, कमरेवर कळशी. दिवसाला दोन खेपा. तीन महिने. दुसऱ्याने किती ठोके मारले हे नुसत्या आवाजावरून सांगणारा तो माणूस, घरातले भरलेले हंडे रोज बघत होता, त्यांतलं पाणी पीत होता, आणि ते कुठून आलं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"माजी हीर काय सुकली?" सोनूबाई म्हणाली. "रोज दुपारची तू बांदावरून जाताना दिसतंस. मना वाटलं, ठेसनावर कामाला जातंस."

शकूने पाटी खाली ठेवली. हात झटकले. "मावशी, आमी बौद्ध हाय," ती म्हणाली. "आदी सांगितलेलं बरं. मागनं इहिरीवर तंटा नको."

सोनूबाईने मान वळवून आपल्या विहिरीकडे पाहिलं, मग पलीकडे झाडीत दिसणाऱ्या वाडीकडे पाहिलं. खंडू तिच्या तोंडाकडे बघत होता. ओतलेलं लोखंड साच्यात उतरताना जसं श्वास धरून बघायचं, तसं.

"माजा दीर बोंबलंल," ती अखेर म्हणाली. "बोंबलू दे. हीर माज्या नवऱ्यानी खनलीय, त्याच्या बापानी नाय." आणि वळून चालायला लागली. चार पावलांवर थांबली. "हंडा घे ना गो. का मीच आनू?"

दीर त्याच संध्याकाळी बोंबलला. बांधावर उभा राहून बराच वेळ बोंबलला. सोनूबाई दारात तांदूळ पाखडत बसली होती. तिने सूप थांबवलं नाही.

जमीन घालायचं काम मग शकूने घेतलं. बदलापूरकडे रीत अशी, की जमीन चोपायला वाडीतल्या बायका येतात. ज्या तुमच्याकडे आल्या, त्यांच्याकडे तुम्ही जायचं. पैसा नाही, पान-सुपारी आणि सावड. चार घरी सोनूबाईचा निरोप गेला. दोन बायका आल्या, रतन आणि हौसा. दोन आल्या नाहीत. का, ते कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी खंडूने पाहिलं. शकू धरून चार बायका उकिडव्या बसून एका रांगेत मागे मागे सरकत होत्या. हातात लाकडी चोपणी, तळ सपाट, मूठ आखूड. थप्, थप्, थप्. चौघींचा आवाज एकच. खंडूला राहवेना. त्याने एक चोपणं उचललं आणि कडेला बसला. तिसऱ्याच ठोक्याला सोनूबाई ओरडली, "लोखंड वततंस का हिथं? हळू!"

त्याने हळू केलं. शकूने कान देऊन ऐकलं. "आता लई हळू," ती म्हणाली. "पाणी जरा वर आलं पायजे आणि थांबलं पायजे. तितं सोडायचं."

तो थबकला. मधली जागा. ही ती कुठे शिकली? मग लक्षात आलं की आईबरोबर शिकली असणार, तो भट्टीपाशी उभा राहायच्या किती तरी आधी. त्याने चोपणं खाली ठेवलं आणि पाणी आणायला गेला. त्या दिवशी त्याने एकवीस हंडे ओढले. विहीर शंभर पावलांवर होती. अकराव्या हंड्याला खांदा भरून आला. तेव्हा त्याने स्टेशनाच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा हंडा उचलला.

काम आठवडाभर चाललं. तो फाउंड्रीत असताना बायका येत, जात. संध्याकाळी तो आला की शकू सांगे, आज कोण आली, कोण काय बोलली, सोनूबाईने दिराला काय उत्तर दिलं. दोन शब्दांचं उत्तर बंद झालं होतं. जमीन वाळली. बोटाने ठोकली तर ती वाजत नव्हती. खंडूने ठोकूनही पाहिली नाही.

जयंती रविवारी आली. त्याच दिवशी ईस्टर होता, म्हणून शनिवारीच रोझारिओने गोड वड्यांची पुडी दिली होती. ती घेऊन दोघं घाटकोपरला गेली. मिरवणूक झाली, गाणी झाली. शकू बायकांत बसून घसा बसेपर्यंत गायली. खंडू लांबून बघत होता. इथे ती पाण्यातला मासा होती. तिला सांगायचं ते तिने सांगावं, आपण विचारायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तीन महिने काहीच न विचारणाऱ्याला आज विचारायचा हक्क कुठला?

जेवणं झाली. शकूची धाकटी बहीण प्रेमा शेजारच्याच चाळीत राहायची. ती म्हणाली, "ताई, चार दिवस राहा गं. नाही तरी त्या रानात काय ठेवलंय तुझं?"

खंडूने चहाचा पेला तोंडाशी नेला आणि प्यायला नाही.

"उद्या सोनूबाईचं अंगण हाय," शकू म्हणाली.

"मग?"

"मग काय? तिनं माज्या घरात आठ दिस चोपणं मारलं. मी हितं बसून गाणी म्हणू व्हय?"

"अंगण झालं की ये."

"मग रतनची पडवी हाय. ती झाली की हौसाचा गोठा. पाऊस याच्या आत तिन्ही झालं पायजे."

"म्हणजे पावसाळ्यापर्यंत तू मोकळी नाहीस."

"न्हाई."

थोड्या वेळाने प्रेमा भांडी घ्यायला आत गेली. खंडू हळूच म्हणाला, "तू जयंतीला काही सांगणार होतीस."

शकूने त्याच्याकडे पाहिलं. "सांगितलं की आत्ता. फाउंड्रीत कान गेलं का तुमचं?"

सकाळी दोघं घाटकोपरला एकाच गाडीत बसली. त्याला विक्रोळीला उतरायचं होतं, म्हणजे एकच स्टेशन. पुढे कल्याणला गाडी बदलून तिला एकटीने जायचं होतं. आजवर ती एकटी कधी गेली नव्हती. कुठल्या फलाटावर जायचं, कोणाला विचारायचं, हे तो विक्रोळी येईपर्यंत सांगत राहिला.

"समजलं," शकू म्हणाली. "उतरा आता, गाडी सुटंल."

तो उतरला. खिडकीतून ती एकदा तरी मागे बघेल म्हणून फलाटावर उभा राहिला. गाडी सुटली. शकू शेजारच्या बाईशी बोलत होती. हाताचा तळवा उपडा करून, थप् थप्, काहीतरी समजावून सांगत होती.