वितळलेलं पाणी

फाउस्तिनो कुस्कोकडच्या डोंगरांतला, लोकरीसाठी पाळलेले अल्पाका राखणारा. जत्रेत दरवर्षी रिवाजाप्रमाणे अस्वलाचं सोंग घेऊन तो देवडोंगराच्या हिमनदीवर चढायचा आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी तिथला औषधी मानलेला बर्फ पाठीवरून आणायचा. हिमनदी आटत चालली म्हणून यंदा जत्रेच्या पंचांनी बर्फ तोडायला बंदी केली. तो वर जाऊन पाहतो तर तोच बर्फ वितळून खळखळत खाली चाललेला.

"काका, हे पाणी घेतलं तर चालेल?" त्याने पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"बंदी बर्फाला आहे. पाण्याचं कुणी बोललंच नाही रे," म्हाताराही गोंधळला.

फाउस्तिनोने बाटली भरली, अर्धी ओतून दिली, पुन्हा भरली.

घरी आईने ते पाणी गुडघ्यांना चोळलं. "बरं वाटलं बघ. पण तू असा चोरासारखा का उभा?"