गोठा बघायला

राहात्याच्या पतसंस्थेत ती मला एकदाच दिसली. चपला दाराबाहेर काढून आत आली, म्हणून मला वाटलं, बुजरी असेल. पण खुर्चीत ऐसपैस बसून, पिशवी मांडीवर घेऊन तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मी ठिवलेलं पैसं तुमी फुडं कुनाला देता?"

मलाच कानकोंडं झालं. माझे वडील मास्तर; आमच्या घरात पैशाचं बोलणं हलक्या आवाजात व्हायचं, तेही पुरुषांमध्ये. मी आधी वडील सांगतील तिथे सही केली, मग नवरा सांगेल तिथे. तो गेल्यापासून काउंटरवरचा माणूस दाखवेल तिथे करत होते.

तो माणूस हसला. "मावशी, व्याज मिळतंय ना वेळेवर?"

"मिळतंय की. पन शेळी अर्धलीनं सांभाळायला दिली, करडं निम्मी त्याची, निम्मी आपली ठरली, तरी आपन त्याचा गोठा बघून येतोच ना? मंग पैशाचा का न्हाई बघायचा?"

तो खुर्ची पुढे ओढून सांगू लागला, कर्ज कुणाला देतात, तारण काय घेतात. ती मधेच बोट वर करून "आन बुडवलं तर?" विचारायची आणि उत्तर पटलं की मान हलवायची. शेवटी थोडे पैसे ठेवून, बाकीचे पिशवीत घालून ती निघून गेली.

मग त्यानं माझा ठेवीचा फॉर्म पुढे सरकवला. सहीच्या जागी नेहमीसारखी पेन्सिलीची फुली होती. "मॅडम, इथे."

मी पेनाला टोपण लावलं.

"आधी मलाही गोठा दाखवा."