पांढरा गोंद

दुकानात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे त्यांनी आधी पाहिले, असे मला एकदाही आठवत नाही. हात पुढे यायचा, गिटार काढून घेतली जायची, मांडीवर पालथी पडायची आणि मधल्या बोटाचे पेर तिच्या पाठीवर तीन ठिकाणी वाजायचे. एव्हाना तो माणूस काय झाले, कसे झाले हे सांगू लागलेला असे. "तुम्ही चुप बसा," ते म्हणत. "हे सांगून राहिलं ना मले."

त्यांचे गिटारदुरुस्तीचे दुकान नागपूरच्या सक्करदऱ्यात, तलावाकडून बाजाराकडे येताना लागत असे. वर टिनाचे छप्पर, आत एक लांब टेबल, कोपऱ्यात स्टोव्ह आणि समोर रस्त्यात उतरणाऱ्या तीन पायऱ्या. वडील उमरेडला मागावर लुगडी विणत. माग बंद पडला तेव्हा हे नागपुरास आले आणि एका वाद्यवाल्याकडे कामाला लागले. "सूत सोडलं, लाकूड धरलं," एवढेच ते स्वतःविषयी सांगत.

मी तेथे प्रथम गेलो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. गिटार शिकावी ही इच्छा जुनी होती. ती बोलून दाखवण्याइतके धैर्य मात्र फार उशिरा आले.

"वाजवते कोण हे?" त्यांनी विचारले.

"मी."

तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. माझे केस पाहिले, चष्मा पाहिला. "घरचे काही म्हणत नाहीत काय?"

दुकानात उभी असलेली तीन-चार माणसे हसली. मी पूर्वी काय नोकरी करीत होतो हे त्यांनी विचारून घेतले आणि त्या दिवसापासून मी 'लायब्ररी' झालो. "या लायब्ररी, आज कोणती तार तोडली?" माझी बोटे तारांनी सोलवटली होती, ती पाहून म्हणाले, "हे वाद्य तुमचा बदला घेऊन राहिलं. आता हिसाब बरोबर झाला."

तरीही मी जात राहिलो. तुम्ही तेथे असता तर तुम्हीही गेला असतात. दुसऱ्याची फजिती पाहण्यासाठी लोक बसायला जागा शोधतात, आणि तेथे तर बाक होता. मान वाकलेली गिटार घेऊन एक संगीतशिक्षक आले, तेव्हा त्यांनी ती डोळ्यासमोर धरून विचारले, "बाण आणले काय सोबत?" एका वडिलांनी मुलीसाठी आणलेले महागडे वाद्य तिच्यासमोरच परत करीत ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे. बापाले फसवलं दुकानवाल्यानं. बाप तेवढा बदला." मुलीला रडू फुटले. आम्ही बाकावरचे त्या दिवशीही हसलो, हे नमूद केले पाहिजे.

पण त्यांचा खरा राग एका गोष्टीवर होता, तो म्हणजे पांढरा गोंद. शाळेतली मुले कागद चिकटवतात तो. ते स्वतः सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला जुन्या पद्धतीचा डिंक, वापरीत. त्याचे खडे रात्रभर भिजवायचे, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून वितळवायचे आणि गरम असतानाच लावायचे. मिनिट-दोन मिनिटांत तो निवतो. तेवढ्यात लाकूड जागेवर बसले पाहिजे, नाही तर सारे खरवडून पुन्हा आरंभ. पांढरा गोंद सावकाश वाळतो, चुकलेला हात सुधारायला वेळ देतो. पण उन्हात तो मऊ पडतो, आणि ऊन म्हणजे आपले मे महिन्यातले ऊन. "माह्या सरसाले नागपूरचं ऊन पचते," ते म्हणत. उन्हाळ्यात दुरुस्त केलेले वाद्य ते तारा ताणून टिनाखालच्या माळ्यावर दोन दुपारी ठेवीत आणि मगच हाती देत.

घरी पांढरा गोंद लावून बिघडवलेले वाद्य कोणी आणले, तर त्याला एक शिक्षा होती. तो माणूस कोणीही असो, त्याने पायरीवर बसून स्वतःच्या हाताने तो गोंद पात्याने खरवडायचा. "ज्यानं घाण केली, त्यानंच साफ करा." एका निवृत्त हवालदारांना मी भर बाजाराच्या वेळी तेथे खाली मान घालून बसलेले पाहिले आहे. येणारे-जाणारे विचारीत, "काय करून राहिले काका?" आणि उत्तर हे आतून देत, "पाप धुऊन राहिले!"

जानेवारीत माझ्या गिटारीचा ब्रिज सुटून वर आला. ब्रिज म्हणजे गिटारीच्या पुढच्या फळीवरची ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची खालची टोके अडकवलेली असतात. मी दुकानात गेलो तेव्हा दुसरे कोणी नव्हते. स्टोव्ह थंड होता. त्यांनी जुना सरस साफ केला, खण उघडला आणि पांढऱ्या गोंदाची बाटली बाहेर काढली.

त्यांचा उजवा हात हलत होता. मनगट डाव्या हातात घट्ट धरून ते बाटलीचे तोंड लाकडावरून फिरवीत होते. नव्या छंदाच्या कौतुकात मी प्रत्येक गोष्टीची छायाचित्रे घेत असे; तशी याचीही घेतली. आवाज ऐकून ते थांबले.

"सरस संपला आज," ते म्हणाले.

"बरं," मी म्हणालो.

कोपऱ्यातल्या भांड्यात सरसाचे खडे भिजत पडलेले मला दिसत होते. त्यांनाही ते दिसत होते.

एप्रिलमध्ये मी ती गिटार बदलली. आमच्यासारख्या हौशी वादकांचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. त्यातले प्रताप नगरचे एक निवृत्त बँक अधिकारी आपली नायलॉनच्या तारांची गिटार देऊन धातूच्या तारांची घेऊ इच्छीत होते. माझ्या बोटांना नायलॉन हवाच होता. मी समूहावर लिहिले की ब्रिजची दुरुस्ती सक्करदऱ्याच्या त्यांच्याकडून करून घेतलेली आहे. त्या नावावर अधिकाऱ्यांनी दुसरा प्रश्न केला नाही. घरी आलेली ती जुनी, मऊ आवाजाची गिटार मी जिवापाड जपू लागलो. आयुष्यात प्रथमच एखादे गाणे माझ्या हातून पूर्ण वाजले.

मे महिन्यात अधिकारी एका लग्नासाठी काटोलला गेले. गिटार दिवसभर उन्हात, बंद गाडीत राहिली आणि ब्रिज उखडून आला.

"सर, दुरुस्ती झाली होती, की तुम्ही फक्त लिहिलं होतं?" त्यांनी फोनवर विचारले. न चिडता विचारले, म्हणून अधिक लागले.

असे ठरले की निवाडा सक्करदऱ्यात व्हावा. दुरुस्ती आपलीच आहे असे दुकानातल्या त्यांनी सांगितले, तर दोष उन्हाचा आणि गाडीचा, अदलाबदल कायम. आपली नाही म्हणाले, तर मी नायलॉनची गिटार परत करायची आणि खोटे लिहिल्याबद्दल समूहावर माफी मागायची.

बाकावर नेहमीची माणसे होती. टेबलामागून हात पुढे करून त्यांनी गिटार घेतली. पेर वाजवण्याची गरज नव्हती. लाकडावर पांढरी साय स्पष्ट दिसत होती. ते तिच्यावरून अंगठा फिरवीत राहिले आणि मग माझ्याकडे पाहू लागले. खूप वेळ पाहत होते.

"हे काम माह्यं नाही," ते म्हणाले.

"नक्की?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"माह्या हातचं ब्रिज उन्हानं उखडलं, असं कधी ऐकलं काय तुम्ही साहेब? लायब्ररीनं घरीच चिकटवलं असंन. फाटकी पुस्तकं चिकटवते ना तो, तसं."

बाक खदखदून हसला. त्यांनी खणातून पाते काढून माझ्यापुढे धरले आणि मानेने पायरी दाखवली.

छायाचित्र माझ्या खिशातल्या फोनमध्ये होते. ते काढून दाखवायला एक क्षण पुरला असता. चारचौघांत आवाज चढवणे मला कधी जमले नाही. मी पाते घेतले आणि पायरीवर बसलो. अधिकारी भिडस्त गृहस्थ. ते चहा सांगायला निघून गेले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली, पाहून गेली. मी खरवडत होतो. मध्येच ते दुकानातून उठून माझ्या मागे येऊन वाकले आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "जोर नका लावू. पातं आडवं धरा, लाकूड निघते नाही तर." त्यांनी माझे बोट पात्यावर नीट बसवून दिले. त्यांचा हात हलत होता.

संध्याकाळी घरी येऊन मी ते छायाचित्र उघडले. एका बाजूचा भाग कापला. त्यामुळे मनगट धरणारा डावा हात गेला, आणि बाटली, ब्रिज व त्यांचा चेहरा राहिला. त्यांचा कंप चारचौघांत उघडा पडू नये, असे मी स्वतःला समजावले. परंतु तो दिसला असता तर लोकांना त्यांची दया आली असती, हेही मला ठाऊक होते. खाली लिहिले, "सर्वांच्या माहितीसाठी, जानेवारीतील छायाचित्र." वाक्य चार वेळा सुधारून समूहावर पाठवले.

अधिकाऱ्यांचे उत्तर तत्काळ आले. "सर, मनापासून सॉरी. गिटार तुमचीच. विषय संपला."

तिसऱ्या दिवशी दुकान सोडून ते स्वतः माझ्या घरी आले. ऑटोतून उतरून जिना चढल्याने धाप लागली होती. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"फोटो दाखवा."

मी समूहावरचा दाखवला.

"दुसरा हात कुठं गेला माह्या?"

मी फोन परत खिशात ठेवला.

"त्या दिवशी तुमच्या खिशात होता ना हा? मग बोलले काहून नाही? मी पाहून राहिलो होतो तुमच्याकडं. म्हटलं, आता बोलते लायब्ररी, आता बोलते. तुम्ही तर पातंच धरलं."

"भाऊ, मला..."

"ऐका. सगळे आपापली वाद्यं उचलून नेऊन राहिले. चोर म्हणून राहिले मले. पूरा फोटो टाका. सांगा, म्हातारा झाला, सरस पेलत नाही आता त्याच्या हाताले. ते खरं आहे. चोर नका म्हणू फक्त."

"टाकतो," मी म्हणालो. "आजच टाकतो."

"टाका बापा," ते म्हणाले. पाणीही न घेता, कठडा धरून ते जिना उतरले.

मी तो टाकला नाही. टाकला असता तर पहिल्यांदा कापला कोणी आणि का, हे कोणीतरी विचारलेच असते.

आठवड्याने समूहावर एक चित्रफीत आली. कोणा तरुण ग्राहकाने त्यांनाच पायरीवर बसवले होते आणि हातात पाते दिले होते. पाते लाकडावर ठरत नव्हते, सारखे घसरत होते. चित्रण करणारा हसत होता. "अरे, हात तर डान्स करून राहिला बुढ्याचा!" त्यांनी वर पाहिले नाही. जेवढे जमले तेवढे खरवडले.

पावसाळ्यात दुकान बंद झाले. मुलगी उमरेडला असते, तिने नेले, असे शेजारच्या शिंप्याने सांगितले. पुढचे मी विचारले नाही. तेथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मी नायलॉनच्या गिटारीवर आता सात गाणी वाजवतो.

परवा समूहात नव्याने आलेल्या एका मुलीने विचारले, "सक्करदऱ्यात ब्रिजचं काम करणारे एक आजोबा होते ना? कुठे गेले?"

कोणीतरी लिहिले, "चोर होता तो. पांढरा गोंद लावून फसवायचा. बरं झालं गेला."

त्याखाली एकेक अंगठा उमटू लागला. अधिकाऱ्यांचा आला, संगीतशिक्षकांचा आला. बराच वेळ झाला, तेव्हा माझाच तेवढा नाही हे कोणाच्या ध्यानात येईल, असे मला वाटले. मग मीही दिला.