जिंकलेल्या मॅचमधली धाव

मुलाचा फोन आला तेव्हा मी अंगणात तूर निवडत होते. तो चंद्रपूरच्या दवाखान्यातून बोलत होता. वंदना गेली, एवढंच म्हणाला. मी रडले नाही, त्याच्यावरच ओरडले. ताप आहे, रक्त तपासून घे, असं मी तिला सोमवारपासून सांगत होते... आणि तिनं ऐकलं नाही. माझी सून पस्तिशीत, मेंदूला चढलेल्या मलेरियानं गेली. आता दीड महिना झाला. बाई, राग सोडा, असं लोक म्हणतात. सोडून ठेवू कुठे? खाणीच्या कॉलनीतले म्हणाले, तिच्यावर चार शब्द चांगले लिहा. माझी शाळा चौथीपर्यंतची. जसं होतं तसं लिहिते.

वंदना धानोऱ्याकडची. आश्रमशाळेत हॉकी शिकली आणि विदर्भाच्या संघात बॅक म्हणून खेळायला लागली. बॅक म्हणजे गोल करणारी नव्हे, आपल्या गोलपाशी उभं राहून दुसऱ्यांना अडवणारी. माझा मुलगा राजू माजरीच्या कोळशाच्या खाणीत फिटर. स्थळ आणलं गोपाळभाऊंनी. मला त्यांनी सांगितलं, पोरगी खेळते, पण लग्न झालं की बंद. लग्न विहारात झालं, सामान घरी आलं, गादीच्या वळकटीतून हॉकीची काठी निघाली. हे कशाला आणलं, विचारलं. ती म्हणाली, खेळायला. बंद करणार होतीस ना? तिनं डोळे मोठे केले. "बंद? तुमीच तं म्हटलं होतं म्हणे, की खुशाल खेळू दे." गोपाळभाऊंनी तिकडे एक सांगितलं होतं, इकडे दुसरं. मी त्यांना गाठलं तेव्हा ते दुसऱ्यांदा पंगतीला बसले होते. हातातला लाडू खाली न ठेवता म्हणाले, "लगन झालं ना बाई? आता तुमी सासू-सुना पाहून घ्या."

आम्ही पाहून घेतलं. मूल होईपर्यंत खेळ, मग बंद, असं ठरलं. मुलगी झाली, प्रज्ञा. पोर बसायला लागली तशी आई पुन्हा मैदानावर. मी म्हटलं, मी सांभाळणार नाही. पण प्रज्ञा बाटलीचं दूध तोंडात धरायची नाही, थुंकायची. घरात तिचं रडणं ऐकत बसण्यापेक्षा मीच तिला काखेत मारून मैदानावर न्यायला लागले. वंदना मागे उभी राहायची, म्हणून मी गोलच्या मागे सतरंजी टाकायची. मध्ये सुट्टी झाली की ती येऊन पोरीला पाजायची आणि तोंड पुसत परत जायची. कोळशाची धूळ बसून नात काळी, मी काळी, सतरंजी काळी. अशी कितीतरी वर्षं मी हॉकी मागून पाहिली. गोल व्हायचे त्या टोकाला, नाचायच्या त्या टोकाला, फोटो निघायचा तो त्या टोकाचा. इकडे ही आणि गोलकीपर पोरगी. मी तिला म्हणायची, अगं, तूही जरा पुढे जा, पेपरात नाव येईल. ती म्हणायची, मग मागे कोण, तुम्ही?

त्या खेळात एक कॉर्नर असतो. समोरच्या पोरी गोलपुढे अर्धगोलात उभ्या राहतात, या चौघी-पाचजणी गोलच्या रेषेवर. शिट्टी झाली, बाहेरून चेंडू आला, की त्यांची एक जण तो जीव खाऊन मारते. तो मारायच्या आत रेषेवरून एकीनं सरळ तिच्या अंगावर धावायचं. चेंडू लागला तर लागला. हे काम नेहमी वंदनाचं. दर वेळी मार खायला तूच का, असं मी विचारलं की हसायची. एकदा ओठ फाटला, एकदा बोट मोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच बोटानं कणीक मळत होती. मी परात ओढून घेतली तर उलट माझ्यावर रागावली.

मग नागपूरची ती मॅच. त्यानंतर आठवड्यानं महाराष्ट्राच्या संघाची निवड होती आणि या वेळी वंदनाचं नाव पक्कं, असं तिचे सर मला स्वतः सांगून गेले होते. मी मेली खूश झाले. आमच्या पोरी तीन गोलांनी पुढे होत्या, मॅच संपत आली होती. शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. मी मागून ओरडले, "वंदना, राहू दे आता." तिला ऐकू गेलं, कारण तिनं मान वळवली. शिट्टी झाली आणि ती धावली. चेंडू गुडघ्यावर बसला... तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

निवड गेली, खेळ गेला. दवाखान्यात तिच्या पायाशी बसून मी विचारलं, "जिंकूनच राह्यले होते ना? मंग काऊन धावली?"

"शिट्टी झाली ना आई."

"एक गोल झाला असता तं काय बिघडलं असतं?"

तिनं थोडा विचार केला. "भाकर जळून राह्यली तं तुमी उतरवता ना? का पोट भरलं हाय म्हणून जळू देता?"

"भाकर उतरवाले गुडघा लागत नाई," मी म्हटलं. ती हसली, मग भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

पुढे ती धानोऱ्याच्या पोरींना शिकवायला जायची. पावसाळ्यात तिकडे तापाची साथ, डास, सगळं ठाऊक. त्या सोमवारी ती पोरींना आमच्या मैदानावर मॅचसाठी घेऊन आली. सगळ्या घरातच झोपल्या. मी वरण-भात रांधला. तिच्या मानेला हात लावला तर तवा. दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली मॅच होऊ द्या. मॅच झाली, म्हणाली पोरींना बसमध्ये बसवून येते. बसमध्ये बसवलं आणि स्टँडवरच पडली, राजूनं तिथूनच चंद्रपूरला नेलं. पोरी हरल्या होत्या, तेही सांगून ठेवते. त्या मॅचला काहीच अर्थ नव्हता. पण हे तिला कोण समजावणार होतं?

गुडघा रात्री सुजायचा म्हणून तिनं आपल्या खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा लावल्या होत्या. आता त्या खाटेवर मी झोपते. पाय वर, डोकं खाली, सकाळपर्यंत घसरून डोकं उशाकडच्या दांडीला टेकतं, मान धरते. राजू म्हणाला, आई, विटा काढून टाकतो.

"राहू दे," मी म्हटलं. "तिनं लावल्या, तिले काढू दे."