माझ्या शेजारी बसल्याचं पुण्य

काकूंनी ताट माझ्याकडे सरकवलं. दोन बोटांनी. मान वर न करता.

ताटात वरणाचा ओघळ आणि पिळून टाकलेली लिंबाची फोड. आश्रमाचा नियम असा, की जेवण झालं की ज्याने त्याने आपलं ताट उचलायचं, अंगणातल्या नळावर घासायचं आणि जागेवर ठेवायचं. मग तो डॉक्टर असो नाहीतर कोणी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्याच्याच खाली दुसरा नियम: मौन. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही.

मी ताट उचललं. खाली माझं, त्यावर त्यांचं. नळावर जाऊन दोन्ही घासली.

विचार करून नाही उचललं. हात आपोआप पुढे गेला. हात माझा, सवय आईची.

माझी आई काकूंकडे पोळ्या करते. दादर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत जायच्या आधीपासून. लहानपणी मला ठेवायला कोणी नसलं की ती मला बरोबर न्यायची. मी ओट्याखाली सिलेंडरजवळ बसायचे. काकू चांगल्या होत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, लवकर कळलं असतं. बिस्कीट द्यायच्या, फ्रॉक द्यायच्या. दहावी झाले तेव्हा मुलाची अकरावीची पुस्तकं दिली. तो सायन्सचा, मी कॉमर्सची. चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत ती पुस्तकं खाटेखाली राहिली. उंदरांनी वाचली.

मी माटुंग्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली. निकालाचे पेढे घेऊन आईबरोबर गेले, तर काकूंकडे पाहुणे बसलेले. काकूंनी पेढा उचलला, पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्या मावशींची मुलगी. आम्हीच शिकवली हो हिला."

आई हसली. मीही हसले.

आता लोअर परळला एका ऑफिसात आहे. एसी, कार्ड दाखवून आत जायचं, सगळं आहे. पण मीटिंगमध्ये बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघते. कुठे राहतेस विचारलं की छातीत काहीतरी आवळतं. एका मैत्रिणीने दादरच्या एका साधना केंद्रात नेलं. दर रविवारी सकाळी ध्यान. डोळे मिटून नुसतं बसायचं, श्वास बघायचा. मला वाटलं होतं श्रीमंतांचे चोचले असतील. पण बसले आणि पहिल्यांदाच आतलं ते आवळणं सैल झालं. खोटं नाही सांगत. डोळे मिटल्यावर मी कुठली, कोणाची, काही उरायचं नाही. नुसती मी. आणि ती मला आवडली. म्हणून केंद्राच्या ऋषिकेशच्या पुढच्या या शिबिराला नाव दिलं. पैसे माझे. विमानात पहिल्यांदा बसणार होते.

एअरपोर्टवर मागून आवाज आला, "अगं, तू इथे कशी? कोणाला सोडायला आलीस?"

काकू. त्या केंद्रात बुधवारी संध्याकाळी यायच्या, मी रविवारी. एकमेकींना माहीतच नाही.

"मी पण येतेय, काकू. शिबिराला."

त्यांनी माझ्या बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हो का? मावशी बोलल्या नाहीत. बरं झालं बाई, सोबत झाली. माझी ही छोटी बॅग धर जरा."

धरली.

आश्रमात गेल्यावर आसनं वाटली, तर काकूंची आणि माझी शेजारी-शेजारी. आणि मौन सुरू झालं.

पहिली रात्र, पहिली सकाळ फार छान गेली. खाली गंगेचा आवाज, समोर डोंगर, आणि कोणी काही विचारू शकत नाही. मला वाटलं, असंच जग असावं. कोणी कोणाला काही विचारायचंच नाही. मग दुपारी ते ताट आलं.

संध्याकाळी पुन्हा आलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या पलीकडच्या बाईंनी बघितलं आणि आपलंही त्यावर ठेवलं. त्यांना वाटलं असेल, हिला हीच सेवा दिलीय. मग आणखी एक. बोलता येत नाही, खूण करता येत नाही. हातातला ढीग घेऊन मी नळावर उभी राहायचे. पाणी बर्फासारखं. बोटं बधिर व्हायची.

सगळ्यात वाईट ते नव्हतं. सगळ्यात वाईट ध्यानात झालं. डोळे मिटले की मला ताटं दिसायला लागली. श्वासाकडे लक्ष द्या, असा आवाज यायचा, माझं लक्ष जेवणाच्या घंटेकडे. मुंबईहून इतकी लांब आले, स्वतःकडे यायला, आणि येऊन पोचले कुठे? काकूंच्या ओट्याखाली. तिथून उठायची मला बंदी.

शिबिर चालवणाऱ्या ताईंनी एकदा नळावर मला बघितलं. मला वाटलं, सुटले. त्यांनी डोळे मिटून, हात जोडून मला नमस्कार केला. रात्रीच्या प्रवचनात म्हणाल्या, "आपल्यातली एक साधिका न बोलता सगळ्यांची ताटं धुते आहे. अहंकार असा गळतो." काही माना माझ्याकडे वळल्या. आता तर नाही म्हणायची सोयच उरली नाही. कौतुकाने दार बाहेरून लावलं.

शेवटच्या सकाळी मौन सुटलं. सगळे गोल करून बसले. एकेकाने अनुभव सांगायचा. माइक फिरत फिरत काकूंकडे आला.

काकू म्हणाल्या, "मी अगदी मनापासून सांगते. आमच्याकडे ज्या मावशी पोळ्या करतात ना, त्यांची मुलगी इथे आहे. ही बघा. पहिल्या दिवशी मला हिच्या शेजारचं आसन मिळालं. मला जड गेलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, बदलून मागावं. पण मी बसले. रोज बसले. आणि काल ध्यानात माझ्या आतलं काहीतरी विरघळलं. आता मला ही वेगळी वाटतच नाही." त्यांचा आवाज भरून आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आम्हीच शिकवली हो हिला."

टाळ्या. दोन-तीन जणींनी डोळे पुसले.

ताई म्हणाल्या, "किती प्रामाणिक! बाळा, आता तू सांग. तुला काय मिळालं?"

माइक माझ्या हातात. या वेळी वाक्य मनात एकदाही म्हणून बघितलं नाही. जे बोलले ते असं:

"काकू, तुम्ही माझ्या शेजारी बसलात, तशीच मी तुमच्या शेजारी बसले. माझ्यासाठी कोणी टाळ्या नाही वाजवल्या. माझी आई तुमच्याकडे पोळ्या करते आणि पगार घेते. मी करत नाही. मला तुम्ही शिकवलेलं नाही, तिने शिकवलं. आणि ताटं मी सेवा म्हणून नाही धुतली. तुम्ही सरकवलीत आणि मला बोलायला बंदी होती, म्हणून धुतली. आज जेवल्यावर आपापली घासा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग खोकल्याचं नाटक केलं.

काकू पांढऱ्या पडल्या. ताई मात्र हसत होत्या, तसंच शांत. "बाळा, हा तुझा अहंकार बोलतोय. येऊ दे बाहेर. आता काकूंना नमस्कार कर, मोकळी होशील."

"नाही करणार."

"अगं, वाकल्याने कोणी लहान होत नाही."

"मग त्यांना वाकू द्या."

त्यानंतर मुंबईपर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.

मी घरी पोचायच्या आधी काकूंचा फोन पोचला होता. आई चुलीसारखी धगधगत होती. काकूंना ती वहिनी म्हणते.

"तुका कोणी सांगल्यान गो बोलूक? वहिनीनी तुका काय कमी केल्यानी?"

"आई, मी तिथे त्यांची ताटं घासत होते."

"मगे? मी खय कलेक्टरीण आसंय? ताटांनी हात झडले काय तुजे?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

काकूंनी निरोप दिला होता, की त्यांच्या मनात काही नाही, त्यांनी मला माफ केलंय. मी फक्त रविवारी घरी यायचं, पाया पडायचं, विषय संपला. त्यांच्याच इमारतीत आईची कामाची आणखी दोन घरं होती, दोन्ही काकूंच्या शब्दावर मिळालेली. आई रविवारी सकाळी साडी नेसून दारात उभी राहिली. "चल. वाकून मोकळी हो." ताईंचंच वाक्य. फक्त आईच्या डोळ्यांत भीती होती.

मी म्हटलं, "आई, मी येणार नाही."

ती एकटी गेली. माझ्या वतीने ती पाया पडली का, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. महिन्याभरात बाकीची दोन्ही घरं सुटली. काकूंचं राहिलं. त्यांनी ठेवलं, आणि ठेवलं हे सगळ्यांना सांगितलं. आई अजून रोज तिथे जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी म्हटलं, सोड ते घर, माझा पगार आहे. म्हणाली, "तुज्या पगारार बसून खांव? मगे तूय म्हणशीत, मीच पोसतंय." हे माझ्यामुळे झालं, आणि तिच्या आयुष्याला मी हात लावू शकत नाही. ते दुखतं. दुखू दे. पण म्हणून मी जे बोलले ते परत घेणार नाही.

केंद्रातून ताईंचा मेसेज आला होता: काही महिने घरीच साधना कर, तुझ्यासाठी तेच हिताचं. आमची खोली त्यांनी बघितलेली नाही, नाहीतर असं लिहिलं नसतं. लोक म्हणतात, सोड ना, अशा जागी कशाला जायचं? पण डोळे मिटल्यावर मला जे सापडलं, ते ना ताईंनी दिलं, ना काकूंनी. ते मी त्यांच्या हवाली करून का येऊ?

दर रविवारी सकाळी मी दादरला जाते. चपला काढते, आत जाते, पहिल्या रांगेत बसते. अजून कोणी उठवलेलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंची आसनं रिकामी राहतात, राहू देत. ज्याला मला उठवायचं असेल त्याने समोर येऊन उभं राहावं, आणि का उठायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं तोंडाने सांगावं. खुणेने मी उठणार नाही.