कडेनं चालणारी बाई

सुटीत लेकानं आमाला सेनगावहून पार कोकणात समुद्र दाखवाया नेलं. उंच कड्यावरून पायवाट व्हती. एका अंगाला खाली समुद्र, अन् कठडा कुठंच न्हाई. म्या पदराचं टोक नातीच्या कंबरंला बांधलं.

सून म्हनली, "आत्याबाई, सोडा तिला. लोकं हसून राहिले. बकरी हाय का ती?"

वाटंवर एक बाई करवंदं इकत बसली व्हती. ती हसली न्हाई. गाठीकडं पाहून हळूच म्हनली, "कोण गेलं, आजी?"

"माजी थोरली पोरगी. लेकराला बाभळीला बांधूनच आमी निंदाया बसतो. त्या दिशी बांधायचं राहिलं. शेतातल्या हिरीला कठडा न्हवता."

बाई उठली, टोपली डोक्यावर घेतली. "तुम्ही आतल्या अंगानं चला. कड माझी."

वाट सरेस्तोवर ती अनवाणी आमच्यासंगं कडेकडेनं चालली. गिऱ्हाइकानं हाक मारली तरी थांबली न्हाई.

गावात बाया पुसतात, समुद्र केवढा व्हता? काय सांगू? म्या त्या बाईचे पायच पाहून राहिले व्हते.