रघूच्या डब्यातल्या नख्या

रघू आणि केरू पेणजवळच्या एकाच खाडीकाठच्या गावातले. दोघांचे बाप एकाच मिठागरात राबले आणि दोघं बेंजो शिकले तेही गावातल्या बेंजोवाल्या गोविंदाच्या ओटीवर, एकाच वाद्यावर पाळीपाळीने. पुढे रघू डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागला, केरूने टेम्पो घेतला. पण लग्नसराई आली की हळदीला दोघं गोविंदाच्या बेंजो पार्टीत शेजारी उभे. मुख्य चाल केरू वाजवायचा, रघू मागून साथ धरायचा. वीस वर्षं हे असंच चाललं.

रघूला ते खुपायचं. चारचौघांत तो बोलायचा नाही. घरी बायकोला, शकूला मात्र सगळं कळायचं, कारण कार्यक्रमाहून आला की तो केरूच्या चुका सांगत बसायचा. ज्या दिवशी चूक सापडायची नाही, त्या दिवशी ताटावरून अर्ध्यातच उठायचा.

तीन वर्षांपूर्वी केरूच्या जावयाने, तो बोटीवर कामाला आहे, सिंगापूरहून त्याला एक नखी आणली. तारा छेडायची नखी, गिटारवाली मुलं जिला पिक म्हणतात ती. या दोघांकडे आजवर असायची ती दुकानातली साधी, नाहीतर डब्याच्या झाकणातून कापलेली. ही मधाच्या रंगाची, जाडजूड, घासून कडा गुळगुळीत केलेली. रामवाडीच्या हळदीत केरूने तिने पहिली चाल उचलली आणि सूर असा सुटा, टणक निघाला की नाचणारी माणसं थांबून मांडवाच्या कोपऱ्याकडे बघायला लागली. रघूने ते पाहिलं. हे केरूचं नाही, नखीचं आहे, असं त्याने मनाशी पक्कं धरलं, आणि कितीतरी वर्षांनी त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग तो नख्यांच्या मागेच लागला. रोह्याला इशिता नावाची बाई गिटारचा क्लास घेते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी त्याने रोह्याची गाडी पकडली. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन गेल्यापासूनच तो उठून दाराशी उभा. इशिताला वाटलं, हे काका मुलीच्या क्लासची चौकशी करायला आलेत. त्याने खिशातून झिजलेल्या चार नख्या काढून टेबलावर मांडल्या, तेव्हा तिने खुर्ची पुढे केली आणि आपली पेटी उघडली. तिच्याकडून त्याला कळलं की नखीतही जाती असतात. पुढे ती त्याच्यासाठी बाहेरून मागवून द्यायला लागली.

रघू एकेक नखी घ्यायचा आणि हळदींमागून हळदी वाजवून तिची परीक्षा पाहायचा. सेल्युलॉइडची गोड बोलते, पण पोलादी तारांवर आठवड्यात तिची कड करवतीसारखी होते. म्हशीच्या शिंगाची ऊबदार वाजते, पण पावसाळी हवेत आणि हाताच्या घामात फुगते आणि एक दिवस उभी चिरते. धातूची झिजत नाही, ती तारच खाते. नायलॉनची कितीही वाकवा, मोडत नाही, पण सूर मऊ, दबका. ॲक्रिलिकची जाड नखी सगळ्यांत टिकाऊ. कड बोथट झाली तरी कापडावर घासून परत आणता येते. आणि मधाच्या रंगाची ती दुसऱ्याच कुठल्या कडक प्लास्टिकची, बोटाच्या नखासारखी खणखणीत. हे सगळं तो शकूला सांगायचा. तिने एकदाच म्हटलं, की घरच्या माणसांनाही तुम्ही इतकं जवळून बघत नाही.

बघता बघता त्याचं नाव झालं. पेण-रोह्याची गिटारवाली मुलं त्याच्या घरी यायची. तो गोळ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून नख्या काढून त्यांच्या हातावर ठेवायचा आणि वाजवायला लावायचा. माणसं काका काका करत. तरीही हळदीत मुख्य चाल केरूचीच होती.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर केरूच त्याच्या दारात आला. त्याची नखी एका अंगाने पार झिजली होती. "रघ्या, तुला यातलं कळतं. एक चांगली दे," तो म्हणाला.

रघूने डबा उघडला. मधाच्या रंगाच्या दोन वरच होत्या. त्यांच्या खालून त्याने पातळ नायलॉनची काढली. "ही घे. कधी मोडायची नाय." बोललं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला ते सहज बोलता आलं.

दोन हळदी झाल्या. केरूची चाल ढोल-ताशात बुडून जायची. तिसरीला गोविंदाने जागा बदलल्या. रघू पुढे, केरू साथीला. रघूने मधाच्या रंगाची नखी काढली. सूर खणखणीत निघाला, माणसं नाचली. पण त्याचे कान मागे होते. त्या दबक्या, मऊ नखीने केरू त्याच्या चालीखाली काहीतरी भरत होता, कुठे दोन स्वर, कुठे नुसती थाप, आणि ते इतकं जागच्या जागी होतं की वीस वर्षं साथ करूनही रघूला तसं एकदाही सुचलं नव्हतं. आता त्याला केरूच्या साथीचाही हेवा वाटायला लागला. त्यातच सामान आवरताना गोविंदा म्हणाला, "मागं केरू होता म्हणून तुझी चाल उभी राह्यली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टहून सुटल्यावर रघू घरी न जाता टेम्पो स्टँडवर गेला. केरू टेम्पोच्या टपावर ताडपत्री बांधत होता.

"तुला मी मुद्दाम मऊ दिली," रघू म्हणाला.

केरूने गाठ मारली. "ठाऊक हाय. घरी जाऊन वाजवली तवाच कळलं."

"मग दुसरी का नाय घेतलीस?"

"तू वीस वर्सं मागं उभा राह्यलास. म्हटलं बघू कसं वाटतं." गाठ ओढून बघत तो म्हणाला, "नाय बरं वाटत."

रघूने खिशातला डबा काढून टेम्पोच्या बॉनेटवर उघडा ठेवला. केरूने मधाच्या रंगाची एक उचलली, नखाने तिची कड तपासली आणि नायलॉनची परत दिली नाही. साथीला बरी आहे म्हणाला.

आता एका हळदीला एक पुढे, दुसऱ्या हळदीला दुसरा, असं दोघांनी गोविंदाला सांगून ठरवलंय. केरू पुढे असला की रघूचा जबडा अजून आवळतो. शकू म्हणते, आता निदान जेवतात तरी.